स्पेनची दुनळी कितीची?

दसरा झाला की या सदराकडं पत्रं वाढतात. कारण साधं आहे. खंडेनवमीला कपाटातली बंदूक खाली येते, पूजा होते आणि घरातली पोरं विचारतात, ‘ही कुठली? कितीची?’ वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. यंदाच्या गठ्ठ्यात चार पत्रं एकाच देशाच्या बंदुकीबद्दल निघाली, म्हणून हा महिना स्पेनच्या दुनळीचा.

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांच्या (वय ७४) परवान्यावर बारा बोअरची दुनळी आहे, आजोबांपासून आलेली. नळीवर ‘मेड इन स्पेन’ आणि ‘एइबार’ असं कोरलंय. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर भरगच्च वेलबुट्टी आहे. एक पाहुणे म्हणतात, ‘साइडलॉक आहे, विलायती आहे, पाच लाखांच्या खाली सोडू नका.’ दुकानदार म्हणतो, ‘ठेवून जा, गिऱ्हाईक आलं तर सांगतो.’ खरं कुणाचं? — एक वाचक, गारगोटी

उत्तर : पत्रावरून बंदुकीची किंमत सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मी तुम्हाला उलट टपाली कळवलं होतं, की वडिलांना परवान्यासकट येऊ द्या. ते आले, त्याबद्दल त्यांचे आभार. ज्या परवानाधारक दुकानात मी अजून आठवड्यातून दोन दिवस बसतो, तिथं खिडकीपाशी आम्ही दोघांनी तासभर ती बंदूक पाहिली. काय दिसलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती वेलबुट्टी. पाहुण्यांना भुलवलं ते तिनंच. खऱ्या साइडलॉकमध्ये घोडा, स्प्रिंग, खटका हे सगळं यंत्र त्या बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलेलं असतं. त्यामुळं पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला त्या यंत्राच्या दांड्यांची आणि स्क्रूंची टोकं दिसतात. कितीही बारीक नक्षी केली तरी ती गोल टोकं नक्षीतून डोळा मारत असतात. तुमच्या पत्र्यावर तसं काही नाही. वरची नक्षी सोडली तर पत्रा अख्खा कोरा, फक्त तो धरून ठेवणारा स्क्रू तेवढा आहे. म्हणजे यंत्र पत्र्यावर नाही, मधल्या पोलादी ठोकळ्यात आहे. याला बॉक्सलॉक म्हणतात. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून निम्म्या जगाच्या दुनळ्या त्याच बेतानं होतात. तुमच्या बंदुकीला वरून साइडलॉकचा अंगरखा चढवलाय, एवढंच. यात फसवाफसवी नाही, स्पेनमध्ये ही पद्धतच होती. बॉक्सलॉक वाईटही नाही. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. पण साइडलॉकचा दर तिला लागणार नाही.

मग वय. नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट अंगावर पाहिलं. एइबार हे स्पेनमधलं बंदुका करणारं गाव. तिथल्या सरकारी चाचणीघरात प्रत्येक नळी जादा दाबाचं काडतूस उडवून तपासतात आणि शिक्के मारतात. १९२७ पासून त्या शिक्क्यांसोबत सालाचं अक्षर येतं. ‘ए’ म्हणजे १९२७. स्पॅनिश वर्णमाला १९५४ ला संपली, मग १९५५ ला ‘ए-१’ पासून पुन्हा सुरुवात. तुमच्या नळीवर ‘एफ-१’ आहे, म्हणजे १९६०. वडील म्हणाले, ‘मी शाळेत होतो तेव्हा आली.’ जुळलं.

नळ्यांवरचा कारखान्याचा शिक्का पुसट आहे आणि वर मोठ्या अक्षरांत कोरलेलं नाव कुणा विक्रेत्याचं आहे. एइबारचे कारखाने बाहेरच्या व्यापाऱ्यांना त्यांच्या नावानं बंदुका करून देत. आपल्याकडच्या चपलांचं काय वेगळं आहे? शिवणारा एक, पेठेतल्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. म्हणून वरचं नाव वाचून उड्या मारू नये, तशी मानही टाकू नये.

आता अंगाची तपासणी. पुढचं लाकूड काढून नळ्या नुसत्या मधल्या पोलादी ठोकळ्यावर बसवल्या आणि हलवल्या. खडखड नाही. पतंगाच्या कागदाची पट्टी नळीचं मागचं टोक आणि ठोकळ्याची पोलादी भिंत यांच्या मधे धरून बंदूक मिटली आणि पट्टी ओढली. फाटली. म्हणजे फट नाही, बंदूक ‘सुटलेली’ नाही. हे फार महत्त्वाचं. साठ वर्षांच्या दुनळीत इथंच पहिलं दुखणं असतं. नळ्या बोटाला टांगून उलट्या बोटानं टकटक केलं, तर देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठं उखडली असती, तर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला असता. मग नळी खिडकीच्या चौकटीकडं रोखून आतून पाहिली. चौकटीची सावली नळीत सरळ रेघेसारखी धावली पाहिजे. उजव्या नळीत धावली. डाव्या नळीत मधेच एके ठिकाणी रेघ लचकली. तिथं बाहेरून पोचा आहे, मसुराच्या डाळीएवढा. कधीतरी जीपच्या दाराला लागला असेल. तो कारागिराकडून उठवून घेता येतो. उठवल्याशिवाय बार काढू नका.

आणि आता जे सांगायला मला वाईट वाटतं ते. ठोकळ्याच्या खाचेत, इजेक्टरच्या (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) मागं आणि पट्टीच्या टोकाशी मला कुंकू सापडलं. साठ खंडेनवम्यांचं. नुसतं कुंकू नाही, तेल पिऊन घट्ट झालेला, वर हळदीचा थर असलेला काला. त्याच्या खाली पोलादाला खड्डे पडलेत. पूजेला माझा विरोध नाही, माझ्या घरीही हत्यारांची पूजा होते. पण हळदकुंकू दस्त्याला लावा, नळीला पान-सुपारी दाखवा, नारळाचं पाणी मात्र यंत्रावर शिंपडू नका. पोलादाचं ओलाव्याशी कधी जमलेलं नाही.

आता किंमत. आपल्या देशात विदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाआम्हाला नाही. त्यामुळं जे आत आहे तेच हातोहात फिरतं आणि ‘विलायती’ म्हटलं की आकडा फुगतो. दुसऱ्या बाजूला शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरी सोडायची पाळी आली तेव्हा लोकांनी दुनळ्याच काढल्या. मी बसतो त्या दुकानातली मांडणी तेव्हापासून भरलेली आहे. गिऱ्हाईक म्हणाल तर ज्याच्याकडं परवाना आहे तोच, आणि त्याला हवी असते पिस्तूल. म्हणून दुकानदार तुम्हाला ‘ठेवून जा’ म्हणाला. तो खोटं बोलला नाही. पाहुण्यांचे पाच लाख मात्र पाहुण्यांकडूनच घ्या.

माझं मत विचाराल तर विकू नका. ही घट्ट, प्रामाणिक, मधल्या प्रतीची बंदूक आहे. विकून जे हाती येईल त्यातून एक बरा मोबाइल येईल. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक त्याच्याकडं २५ वर्षं झाली, की हयातीतच वारसाच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडील ७४ चे आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात आत्ताच अर्ज टाका. माणूस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : शेतात गव्यांचा आणि डुकरांचा त्रास आहे, पीकसंरक्षणाचा परवाना मंजूर झाला. जुनी स्पॅनिश घ्यावी की नवी देशी? स्पॅनिश म्हणजे इंग्लिश बंदुकीची स्वस्त नक्कल, असं ऐकतो. — एक शेतकरी, चंदगड

उत्तर : तुमच्या कामाला नवी देशी घ्या. ईशापूरच्या कारखान्याची दुनळी जड आहे, देखणी नाही, पण सुटा भाग मिळतो आणि चिखलात पडली तर जीव तुटत नाही. आणि एवढं ध्यानात असू द्या, की पीकसंरक्षण म्हणजे हवेत बार काढून हाकलणं. गव्याला हात लावायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात त्याला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, आणि डुकराच्या बाबतीतही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही करायचं नाही. दाजीपूर कधीकाळी संस्थानचं शिकारीचं रान होतं. १९५८ पासून ते अभयारण्य आहे. ते दिवस गेले.

पण ‘स्वस्त नक्कल’ या शब्दावर मला थोडं भांडायचंय.

एइबार हे उत्तर स्पेनमधलं, बास्क मुलखातलं, डोंगराच्या घळीत वसलेलं गाव. मी ते पाहिलेलं नाही. पण त्याचं वर्णन वाचलं की मला आपलं कोल्हापूरचं उद्यमनगर दिसतं. एक मोठा कारखाना सगळं करतो असं नाही. गल्लीत एक नुसत्या नळ्या करणारा, पलीकडं एक नुसते स्प्रिंग करणारा, एक लाकूड बसवणारा, एक दिवसभर छिन्नी घेऊन वेलबुट्टी कोरणारा. आपल्याकडं ऑइल इंजिनाचा पंप असाच चार शेडमधून फिरून तयार व्हायचा. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते, त्यामुळं मला हे शिकवावं लागलं नाही. एप्रिल १९३७ मध्ये यादवी युद्धात बॉम्बफेकीनं एइबार उद्ध्वस्त झालं, आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं. हात किती हुशार बघा. तिथल्या ओर्बेआ आणि बी.एच. या सायकलींच्या कंपन्या मुळात बंदुका करणाऱ्या, आणि आल्फा शिलाई यंत्रंही बंदूकवाल्यांनीच काढलेली. ज्याला नळी सरळ घडवता येते त्याला सायकलची चौकट काय अवघड?

हो, बेत इंग्लिशच. साइडलॉक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडच्या धर्तीचा, बॉक्सलॉक अ‍ॅन्सन-डीलीचा. पण हॉलंड किंवा लंडनच्याच पर्डीकडं आज नवी दुनळी मागायला गेलात तर एक लाख पौंडांच्या वर मोजावे लागतात. एइबारचा कारागीर तोच बेत कमी तासांत बसवतो. पहिल्या प्रतीची बंदूक असेल तर तास थोडेच कमी, चौथ्या प्रतीची असेल तर फारच कमी. सगळा फरक या तासांचा आहे. आगिरे इ आरान्साबाल, म्हणजे सगळे ‘आया’ म्हणतात तो कारखाना, १९१५ सालचा. त्यांची नंबर एक आणि नंबर दोन साइडलॉक, नंबर चार बॉक्सलॉक, आणि पंचवीस इंची आखूड नळ्यांची ‘एक्सएक्सव्ही’. एकाच घरातली ही भावंडं, पण नंबर एक हातात घेतली आणि मग त्याच काळातली सर्वांत खालची घेतली, तर डोळे मिटूनही फरक कळतो. पहिली उघडताना लोण्यात सुरी जाते, दुसरी उघडताना गोठ्याचं फाटक.

तासांची काटकसर कुठं होते ते सांगतो. नळीत सहसा नाही. स्पेनची नळी चांगलीच असते, पुष्कळदा प्रत्येक नळी आणि तिच्या खालचा अर्धा हूक एकाच पोलादातून घडवलेला असतो. काटकसर होते आत, जिथं गिऱ्हाईक बघत नाही. खटक्याच्या खाचा, स्क्रू, घोड्याच्या टोकाचं कडकपण. १९५०-६०च्या दशकांतल्या स्वस्त स्पॅनिश बंदुकांचा आतला माल मऊ असतो ही तक्रार जगभर आहे, आणि ती खरी आहे. माझ्या कानशीनं मला सांगितलंय.

यावर एक माझीच फजिती. १९८७ च्या सुमारास एका गिऱ्हाइकासाठी मी बाहेरगावच्या एका दुकानातून स्पॅनिश दुनळी पसंत करून आणली. नक्षी अशी की लग्नात मिरवावी. काळा पॉलिश नवा. मी नळ्या पाहिल्या, फट पाहिली, नाद पाहिला. आत उघडून पाहिलं नाही, कारण दुकानदार म्हणाला ‘सील आहे, उघडू नका’ आणि मी भिडेला पडलो. दोन महिन्यांनी, शे-दीडशे काडतुसांनंतर, गिऱ्हाइकानं उजवा चाप ओढला आणि दोन्ही नळ्यांतून एकदम बार उडाले. कुणाला लागलं नाही, पण त्यांचा खांदा पंधरा दिवस काळानिळा होता. मी उघडली तेव्हा डाव्या खटक्याची खाच गोल झालेली, साबणाच्या वडीसारखी. कुणीतरी मऊ पोलाद कानशीनं घासून चाप हलका केला होता. दुरुस्ती माझ्या खर्चानं केली. त्यानंतर उघडू न देणाऱ्या दुकानात मी चहासुद्धा घेत नाही. स्क्रूच्या डोक्यांची खाच फाटलेली दिसली तरी समजावं, की कुणीतरी घरगुती पेचकस घेऊन आत जाऊन आलंय.

प्रश्न : आमच्या स्पॅनिश दुनळीत हल्लीची काडतुसं सहज बसतात. बसली म्हणजे चालतात ना? — एक वाचक, आजरा

उत्तर : नाही. आणि हे नीट वाचा.

काडतुसावर लिहिलेली लांबी, ६५ किंवा ७० मिलिमीटर, ही उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची लांबी असते. न उडवलेलं काडतूस तोंड दुमडलेलं म्हणून आखूड असतं. त्यामुळं ७० चं काडतूस ६५ च्या घरात निवांत बसतं. उडालं की त्याचं तोंड पुढं उलगडतं, नळी जिथं निमुळती होते तिथं जाऊन अडतं, छर्र्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होणार नाही, दहाव्यालाही कदाचित नाही. म्हणूनच लोक फसतात.

नळ्या काढा, खालच्या सपाट अंगावर ‘१२-७०’ किंवा ‘१२-६५’ असा आकडा शोधा आणि काडतुसाच्या खोक्यावरचा आकडा त्याच्याशी लावून बघा. तिथंच चांदण्याही दिसतील, त्या चोकच्या, म्हणजे नळी तोंडाशी किती आवळलीय त्याच्या. एक चांदणी म्हणजे सर्वांत आवळलेली नळी, चार म्हणजे बरीच मोकळी. आकडा पुसला असेल तर कारागिराकडून घर मोजून घ्या. त्याच बैठकीत नळीच्या भिंतीची जाडीही मोजायला सांगा. उद्यमनगरातल्या माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो, वीस थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या खाली कुठंही भरली तर ती बंदूक भिंतीवर शोभेल, खांद्याला नाही. आतून गंज काढायला कुणी नळी वारंवार घासली असेल तर ती चकाकते आणि तेवढीच पातळ होते. चकाकणाऱ्या जुन्या नळीचा मला नेहमी संशय येतो.

प्रश्न : सासऱ्यांची ‘आया’ नंबर दोन आमच्याकडं आली, परवाना यजमानांच्या नावावर झाला. मूळचं चामड्याचं कव्हर सुंदर आहे, त्यातच ठेवते. दर पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. तेल तर लावतो! — एक वाचक, राधानगरी

उत्तर : ताई, नंबर दोन म्हणजे खरी साइडलॉक, या चार पत्रांतली सर्वांत मोलाची. १९८०च्या दशकात स्पेनमधले बरेच कारखाने एकत्र करून ‘डिआर्म’ नावाची कंपनी काढली, ती बुडाली आणि आयाचा मोठा कारखाना तिच्यासोबत गेला. नंतर जुन्या कारागिरांनी तो लहान प्रमाणात पुन्हा सुरू केला. तुमची त्या आधीची, भरभराटीच्या काळातली आहे. यजमानांना सांगा, विकायला कुणी आलं तर आधी मला फोन करा.

आणि तुमचा चोर ते कव्हरच आहे. चामडं ओल पितं आणि धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतातच. राधानगरीच्या पावसात बंद कव्हरातली बंदूक म्हणजे ओल्या चपलेत पाय घालून झोपणं. कव्हर वेगळं टांगा. बंदूक कुलूपबंद कपाटात उभी, नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. साइडलॉकमध्ये तेलानं लाकूड काळं पडून मऊ होतं आणि मग पत्रा हलायला लागतो. तेल एवढंच, की बोट फिरवल्यावर बोट ओलं दिसू नये. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली तर त्या आधी मात्र जरा सढळ हातानं लावा, नळीत तेलाचं फडकं ओढून घ्या, आणि परत आणलीत की त्याच दिवशी पुसा. तिथं महिनाभर तिच्यावर कुणाचा हात फिरत नाही.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की कव्हर उन्हात टाका. बंदूक नको.